झाडून सगळे प्रमुख

कसब्यातल्या त्या ढोल पथकाच्या ॲपमध्ये शिरताना माणसाची जेवढी चौकशी व्हायची, तेवढी मुलगी बघायला गेल्यावरसुद्धा होत नाही. आधी पासवर्ड, मग फोनवर आलेला आकडा, मग चेहरा. पथकप्रमुख दिगंबर मिशीला पीळ देत सांगायचा, "ॲपमध्ये लिहिलंय ते तुमचं काम. तोंडी वाद नाही."

अपेक्षाच्या नावापुढं लिहून आलं होतं : दोरी धरणे. अमरावतीहून नोकरीसाठी आलेली ही पोरगी. पावसाळाभर नदीकाठी सराव करून तिनं तळहाताला घट्टे पाडून घेतले होते. विसर्जनाला तिला ढोल हवा होता, बाकी काही नको. पण ऑफिसपायी हजेरी कमी पडली आणि नशिबी गर्दी थोपवायची दोरी आली.

पोटासाठी ती सॉफ्टवेअरमधली भोकं शोधायची. सवयीनं तिनं पथकाचं ॲपही उलटंपालटं करून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सर्व्हर दारात "आपण कोण?" हे खोदून खोदून विचारायचा, पण आत शिरल्यावर "हा हुकूम द्यायचा आपल्याला अधिकार काय?" हे एकदाही नाही. "प्रमुख नेमा" हे बटण साध्या वादकांच्या फोनवर नुसतं लपवलेलं होतं. तोच हुकूम कुणीही थेट धाडला, की सर्व्हर म्हणायचा, जी मालक!

ढोल एका बोटाच्या अंतरावर होता. बोट शिवशिवलंही. पण चोरीचा ढोल वाजवण्यात काय मजा? सरावाच्या वेळी तिनं सगळ्यांदेखत आपल्याच फोनवर स्वतःला प्रमुख करून दाखवलं आणि लगेच पुन्हा दोरीवर आणून ठेवलं.

"बघा दादा, कोणीही करू शकते."

"बटण दिसतं का कुणाला?" ॲप बनवणारा सौमित्र म्हणाला.

"दिसत नाही, पण..."

"मग झालं तर!"

दिगंबर गोड हसला. "अपेक्षाताई, आमच्याकडं संस्कारी मुलं येतात. न दिसणारी बटणं दाबायची पद्धत तुमच्याकडं असेल."

"आमच्याकडे दाराला पडदा लावून कुलूप लावलं म्हणत नाहीत जी," अपेक्षा म्हणाली.

संस्कारी मुलं भोवतीच उभी होती. त्यातली निम्मी इंजिनिअर. कान इकडं, अंगठा फोनवर.

विसर्जनाच्या सकाळी बुधवार पेठेतल्या गल्लीत पथक जमलं, तर जो तो गळ्यात शिट्टी अडकवून हात हलवतोय! ॲपमध्ये झाडून सगळे प्रमुख. ढोल बाजारातल्या म्हशींसारखे रस्त्याकडेला बेवारशी उभे. शिट्ट्या अशा काही वाजल्या, की बुधवारातली कबुतरं उडाली ती थेट सिंहगडावर जाऊन टेकली. आणि दिगंबर? कुणा संस्कारी हातानं त्याला पाणीवाटपावर टाकलेलं.

"सौमित्र, लाव रे ती अधिकाराची तपासणी!" तो ओरडला.

सौमित्रनं स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप उघडला आणि भोक बुजवलं. आता सर्व्हर फक्त प्रमुखांचं ऐकणार. दिगंबरनं ऐटीत हुकूम सोडला, मला प्रमुख करा. उत्तर आलं, "आपल्याला अधिकार नाही."

"अरे गाढवा, आधी मला आत घ्यायचं, मग कडी लावायची!"

"कडी काढतो दादा, पण तासभर लागेल."

मंडळाचे अध्यक्ष तात्याराव घड्याळ बघत आले. "अहो दिगंबरराव, आपलं पथक वाजवणार आहे, की नुसती रहदारी आवरणार?"

प्रत्येक प्रमुखानं शेजारच्या प्रमुखाला ढोल उचलायला सांगितलं. कुणी हलेना. तेवढ्यात कॉलेजात जाणारी सलोनी किंचाळली, "ए, ती दोरीवाली अजून साधीच आहे ना!"

हुकूम सोडायला अखेर एक माणूस सापडलं! अपेक्षाचा फोन वाजला : ढोल. पुन्हा वाजला : ढोल. सगळ्या प्रमुखांनी मिळून तिला इतक्यांदा नेमलं, की फोन तापून खिशात ठेववेना.

तिनं ढोल कमरेला आवळला आणि पाण्याचा कॅन घेऊन उभ्या दिगंबरला विचारलं, "दादा, ताशा येतो ना तुम्हाला?"

"येतो. पण..." त्यानं सलोनीपुढं हात जोडले. "मॅडम, जरा ताशावर घेता का?"

सलोनीनं प्रमुखाला शोभेल असा चेहरा केला. "अर्ज टाका. विचार करू."

अपेक्षा त्या विचारासाठी थांबली नाही. तिनं टिपरू उचललं आणि पहिला ठोका असा हाणला, की शिट्ट्या तोंडातल्या तोंडात विरल्या आणि गल्ली पुढं सरकली.