रेषा नसलेला अंगठा

मी एक जुने कार्ड आहे, आणि तेही रद्द झालेले. मित्रांनो, मला रॉकेलचे कार्ड समजू नका बरे! माझ्यावर अफूपासून केलेल्या, असह्य वेदना थांबवणाऱ्या गोळ्या मिळत. भलत्याच्या हाती पडल्या तर त्यांचे व्यसन लागते, म्हणून माझा तोरा मोठा होता. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत मी कोरे करकरीत पडून होते.

१९९१ साली खाडीकाठच्या कोपर गावची जनी मला न्यायला आली. तिचा नवरा नामा याने जन्मभर मिठागरात मीठ ओढले होते. आता हाडांच्या कॅन्सरने तो अंथरुणाला खिळला होता. कळ आली की तोंडात टॉवेलचा बोळा धरायचा, शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून.

जनीने इस्पितळाचे कागद आणले, नौपाड्यातल्या डॉक्टरांचा दाखला आणला, रेशनकार्ड आणले. कारकुनाने एकदा फोटोत कान दिसत नाही म्हणून परत पाठवले, एकदा दाखल्यावर शिक्का नाही म्हणून. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "पेशंटला आणता येत नाही ना? मग हे कार्ड न्या आणि त्यावर त्याचा अंगठा घरून घेऊन या."

घरी तिने नामाचा अंगठा आधी रद्दी कागदावर उठवून पाहिला. काळा डाग! चार वेळा केले, चार डाग. मिठाने त्याच्या बोटांवरच्या रेषाच खाऊन टाकल्या होत्या. आता कारकून पुन्हा हाकलणार, या धास्तीने जनीने शाईत स्वतःचा अंगठा बुडवला आणि माझ्यावर टेकवला. मला ओरडावेसे वाटले. पण कार्डाला कुठले आले तोंड!

कारकुनाने मला पास केले. त्या दुपारी नामा कितीतरी दिवसांनी गाढ झोपला. जनी मला देव्हाऱ्यात ठेवू लागली. माझी छाती फुगायची आणि त्याच वेळी तो खोटा ठसा खुपायचाही.

दोन महिन्यांनी माझी मुदत वाढवायची होती. तपासणीला कचेरीतले इन्स्पेक्टर दौलतराव घरी आले, तेव्हा चारच गोळ्या उरल्या होत्या. त्यांनी नामाचा अंगठा कागदावर घेतला. डाग! मग माझ्यावरच्या ठसठशीत रेषा पाहिल्या आणि त्यांचा आवाज चढला.

"बाई, हा अंगठा याचा नाही. गोळ्या कोण खातं? बाहेर विकता काय?"

खरे बोलावे तर गुन्हा, गप्प राहावे तर गोळ्या बंद. अंथरुणावर नामा कण्हला, तशी जनी म्हणाली, "आंगठा माजा हाय साहेब. पन दुखना त्यांचा हाय."

दौलतराव खाली बसले. त्यांनी नामाचा हात उजेडाकडे धरला. एक बोट पाहिले, मग दहाही पाहिली.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगून कोन आयकतो, साहेब?"

त्यांनी तक्रार केली नाही. पण माझ्यावर दोन तांबड्या रेघा मारून मला रद्द केले. नवे कार्ड मिळायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस आणि चार गोळ्या! त्यांचे तुकडे करून जनीने कसेबसे पुरवले, आणि नामाने ते दिवस कसे काढले ते मला विचारू नका. माझ्यावरच्या खोट्या ठशापायी ते त्याच्या वाट्याला आले, याची मला आजही शरम वाटते.

नवे कार्ड होळीपर्यंत चालले. मग नामा गेला.

तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी जनी कचेरीत आली. मी तिथल्याच फायलीत होते. तिने दौलतरावांच्या टेबलावर एक पुडी ठेवली. "सात उरल्यान. कुनाला लय दुखत आसंल त त्याला द्या."

कोणी मागितल्या नव्हत्या, कोणी विचारणारही नव्हते. दौलतराव खुर्चीतून उठून उभे राहिले. त्या गोळ्या दुसऱ्याला देता येत नाहीत, नियमच तसा आहे, हे सांगायला त्यांना फार वेळ लागला.

मित्रांनो, कागद जरूर तपासा. पण कागदावर काही चुकीचे दिसले, तर माणसाला चोर ठरवण्याआधी एकदा त्याचा हात हातात घेऊन बघा.