देवीची उलटी प्रदक्षिणा

रविवारी सकाळी दीक्षितपुऱ्यातल्या एका हॉलबाहेर मी चपला मोजल्या. एकशे बेचाळीस जोड. त्यांत दोन पदवीधरांच्या सँडल माझ्या ओळखीच्या होत्या. मालक मला चुकवून आत शिरले होते.

आत पडदे ओढलेले, धुपाचा धूर आणि मंचावर नादबाबा. हॉलच्या मध्यावर एक पाट. त्यावर बसून डोळे मिटले, की देवी अदृश्य रूपात येऊन भक्ताभोवती प्रदक्षिणा घालते आणि कानात सल्ला देते, अशी बाबांची ख्याती.

"जहाँ विज्ञान थकता है, वहाँ मेरा पाट बिछता है!" बाबा गरजले. "हिलना मत, नहीं तो देवी रूठ जाएगी!"

मागच्या रविवारी त्या पाटावर आमचे शेजारी अण्णा बसले होते. फॅक्टरीतून निवृत्त झालेले, सज्जन. डोळ्यांत काचबिंदू, या येत्या गुरुवारी ऑपरेशन. डॉक्टरांनी बजावलं होतं, गेलेली नजर परत येत नाही. देवी मात्र म्हणाली, "बेटा, आँख को लोहा मत लगवाना." झालं! अण्णा तारीख रद्द करायला निघाले.

त्यांच्या पत्नी राजश्रीकाकूंची भाची शिवांगी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. आठवडाभर भांडून ती थकली. शेवटी शनिवारी चहा पिताना तिने साधंच विचारलं, "अण्णा, देवी फिरली कशी?"

"समोरून आली. मग डाव्या कानाशी, मग पाठीमागे, मग उजव्या कानाशी. छुम छुम!"

काकूंच्या हातातली बशी थांबली. "अहो, ही तर उलटी प्रदक्षिणा! साधी शेजारीण देवळात उलटी फिरत नाही, देवी काहून फिरून राहिली?"

शिवांगी हसायला लागली. "मावशी, उद्या पाटावर तूच बस."

म्हणून आज काकू पाटावर होत्या. पैंजण वाजले, आवाज फिरला, आणि काकूंनी खाडकन डोळे उघडले.

"महाराज, देवी आजही उलटीच!"

बाबा म्हणाले, "माई, कलियुग है. कलियुग में सब उल्टा!"

"मग तुम्ही मंचावर सरळ काहून बसले? शीर्षासन करा ना!"

एकशे बेचाळीस जोडांचे मालक हसले. तेवढ्यात शिवांगीने सतरंजीचा कोपरा उचलला. खाली वायर. वायरीच्या मागे मागे ती मंचामागच्या पडद्याशी पोचली. चेला आडवा आला, तर काकू म्हणाल्या, "बाजूला हो भैया, देवीचं दर्शन घेऊन राहिली पोरगी."

पडदा सरकला. टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेला अँप्लिफायर, त्यातून निघालेल्या पाच वायरी. मंचाच्या मधोमध आणि हॉलच्या चारही कोपऱ्यांत भगव्या कापडात गुंडाळलेले 'कलश' म्हणजे स्पीकर.

"आवाज एकातून दुसऱ्यात सरकवला, की मधल्या माणसाला कोणीतरी फिरल्यासारखं वाटतं," शिवांगीने सांगितलं. "हा खेळ मध्यावरच नीट जमतो, म्हणून पाटावरून हलायचं नाही. जोडणाऱ्याने मंचावर उभं राहून लोकांकडे तोंड केलं. त्याची डावी ती तुमची उजवी. म्हणून देवी उलटी."

तिने डाव्या-उजव्या वायरी बदलल्या आणि आवाज पुन्हा लावला. काकूंनी डोळे मिटले. "आता बरोबर फिरून राहिली, बाप्पा!"

अण्णांनी मात्र विचारलं, "पण देवीला माझ्या डोळ्यांचं कसं कळलं?"

"येताना दारात फॉर्म भरला होता ना? त्रास काय म्हणून?" शिवांगीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि फायलींची नावं वाचली, "डोळे. गुडघे. नोकरी. सासू."

"सासू लावा!" मागून एक बाई ओरडल्या.

छुम छुम. "बेटी, सास को क्षमा कर."

"अजिबात नाही!" बाई म्हणाल्या. हॉल हास्याने दणाणला. त्या गोंधळात नादबाबा मागच्या दाराने अंतर्धान पावले. आज दिवसभरातला तेवढाच खरा चमत्कार.

शिवांगीने 'डोळे' लावलं. अण्णा पाटापासून दूर, एका स्पीकरजवळ उभे होते. त्यांनी कापड सोडलं, खोक्यावर हात ठेवला. "बेटा, आँख को लोहा..." त्यांच्या तळव्याखाली देवी थरथरत होती.

त्यांनी हात काढला. "शिवांगी, गुरुवारी किती वाजता पोचायचं?"

देव मानावा की नाही, हे ज्याचं त्याने घरी ठरवावं. काकू अजूनही रोज देवळात जातात, आणि योग्य दिशेनेच फिरतात. पण डोळ्यांचा प्रश्न डोळ्यांच्या डॉक्टरलाच विचारा. आणि ज्या चमत्कारात जागेवरून हलायची बंदी असेल, तिथे सगळ्यात आधी उठून उभे राहा.