घड्याळजीचं पुढे काय झालं

काटेवाल्यांची बायको वारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पुरलं.

त्याच संध्याकाळी ती रेडिओवर आली आणि म्हणाली, "नमस्कार. मी तुमची ताई. मी अगदी मजेत आहे. तुम्ही कसे आहात?"

तेव्हा सगळ्यात पहिलं वाक्य सोडून द्या. काटेवाल्यांनीही सोडून दिलं.

रेडिओ लावला होता चर्चमधल्या एका म्हातारीने. दुःखाच्या घरात वचनाचे दोन शब्द कानावर पडावेत एवढाच तिचा हेतू. कार्यक्रम कुणाचा, हे तिच्या ध्यानात राहिलं नाही. ती रोज याच वेळी हा कार्यक्रम ऐकायची आणि ताईंनी विचारपूस केली की रोज उत्तर द्यायची. आताही ती म्हणाली, "आम्ही पण बरे आहोत." मग तिने खोलीभर नजर फिरवली, जीभ चावली आणि रेडिओ बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या," काटेवाले म्हणाले. "बोलतेय ना ती. मध्येच तोडायचं म्हणजे काय?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं.

यात चमत्कार काही नव्हता, दळणवळण होतं. मिशनचं लघुलहरींचं केंद्र पार कुठल्याशा बेटावर. इथे चर्चच्या मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या टांगून ध्वनिमुद्रण व्हायचं, टेपा बोटीने बेटावर जायच्या आणि तिथून आवाज तीन-चार देशांत पसरायचा, जिथे मिशनच्या माणसाला पाय ठेवायला बंदी होती अशा ठिकाणीही. बोटीचा भरवसा नाही, म्हणून एक अख्खा हंगाम आधीच सगळं बोलून ठेवावं लागे. बाहेर ऊन रणरणतंय, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज टेपेवर येतो, आणि ताई पदराने गळा पुसत सांगतायत, "थंडी वाढलीय हं, म्हाताऱ्या माणसांनी कान झाकून घ्या." अशी तिची पुढची थंडी बोलून झाली होती. ती फक्त जगायची राहिली होती.

काटेवाले दुकानांचे तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करायचे. त्यांनी बायकोचा कार्यक्रम एकदाही ऐकला नव्हता. घरात रेडिओ एकच आणि त्याच वेळी त्यांच्या बातम्या. "तुझं काय, घरात ऐकतोच की," ते म्हणायचे.

"घरात मी बोलते कुठे?" ती म्हणायची. काटेवाले बातम्यांचा आवाज वाढवायचे.

आता मात्र संध्याकाळ झाली की ते हात धुऊन रेडिओसमोर बसू लागले. आईच्या मागे बाबांचं कसं होणार म्हणून मुलगी माहेरी राहिली होती. तीही शेजारी बसायची. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. शेवटी शास्त्रातलं वचन आणि प्रार्थना, पण सुरुवातीला गोष्ट. नुसत्या उपदेशाला कुणी थांबत नाही, अनोळखी माणूस तर नाहीच, हे ताईंना पक्कं ठाऊक होतं. गोष्ट नेहमी एकाच माणसाची असे. कुठल्याशा गावातला एक घड्याळजी.

हा घड्याळजी मोठा नग होता. दुसऱ्यांची घड्याळं सेकंदावर आणून द्यायचा आणि स्वतः जेवायला कधी वेळेवर यायचा नाही. वर अन्न गार आहे म्हणून ताट सरकवायचा. एकदा बायकोशी बिनसलं तर अख्खा उन्हाळा तिच्याशी बोलला नाही. लेकीला मध्ये बसवून निरोप द्यायचा. आईला सांग, मीठ कमी आहे. आईला सांग, मी ऐकलं. आईला सांग, मला काही सांगू नकोस.

काटेवाले मांडीवर थाप मारून हसले. "काय माणूस आहे. आईला सांग, मला काही सांगू नकोस. हिला सुचतं कुठून हे?"

मुलगी हसली नाही.

"काय गं?"

"बाबा, मी होते ना मध्ये."

"कुठे मध्ये?"

"तुमच्या दोघांच्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून गृहपाठ करायचे आणि निरोप पोचवायचे. मीठ कमी आहे, हे मीच सांगितलं होतं आईला."

रेडिओवर ताई घड्याळजीसाठी प्रार्थना करत होती. काटेवाल्यांनी ती पूर्ण होऊ दिली. मग म्हणाले, "मी घड्याळजी नाही."

"काटेवाले म्हटलं असतं तर शेजाऱ्यांना कळलं नसतं का? झाकलंय तिने तुम्हाला."

"झाकलंय," काटेवाले म्हणाले. "तीन-चार देशांत."

दुसऱ्या दिवशी ते तणतणत चर्चच्या मागच्या खोलीत गेले. तिथे ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ होता, त्याला सगळे इंजिनियर म्हणत. तो गाद्यांमधले ढेकूण मारत होता.

"माझी बदनामी चाललीय," काटेवाले म्हणाले.

"कुठे, काका?"

"आकाशात."

इंजिनियरने त्यांना स्टुलावर बसवलं आणि सगळा उलगडा झाल्यावर हातातलं औषध खाली ठेवलं. "म्हणजे घड्याळजी तुम्ही? खरे?" त्याने उभं राहून हात जोडले. "काका, तुम्हाला कल्पना नाही. येशू सोडला तर आमच्या कार्यक्रमात सगळ्यात जास्त तुमचीच चौकशी होते. कोळ्यांची पत्रं येतात. एका तुरुंगात तुमच्यासाठी उपास करतात, आणि तिथले कैदी म्हणे खुनाचे आहेत. त्यांचं म्हणणं, आम्ही वाईट आहोत, पण त्या बाईला असं बोलायला नको होतं."

"आणि काय विचारतात?"

"सुधारला का, एवढंच."

काटेवाल्यांनी स्टूल जरा पुढे ओढलं. मग हळूच म्हणाले, "सुधारला का?"

"ते शेवटच्या टेपेत आहे. हंगामाच्या शेवटी लागेल. ताईंनी सांगितलं होतं, घड्याळजीचं काय ते यात करून टाकते, मग नवीन गोष्ट घेऊ. ती झाली आणि आठवड्याने त्या आजारी पडल्या."

"मला आत्ता ऐकव."

"टेप बेटावर गेली, काका. इथे प्रत ठेवत नाही आम्ही. तीच टेप पुसून परत वापरतो."

"पण ती बोलली काय?"

"आता ऐकालच की. लहरी वर जातात, आकाशात एका थराला लागतात आणि खाली येतात. वर गेलेलं सगळं खाली येतं. थोडा दम धरा."

काटेवाल्यांनी दम धरला. आयुष्यात कुणासाठी धरला नव्हता, एवढा धरला. कपबशी स्वतः विसळू लागले. जेवायला वेळेवर येऊ लागले, आणि मुलीशी थेट बोलू लागले. तिला याची सवय नसल्यामुळे ती आधी मागे वळून पाहायची. एक दिवस त्यांनी कार्यक्रमाच्या पत्त्यावर पत्र टाकलं: घड्याळजीमध्ये थोडा फरक पडतो आहे, कृपया ताईंना कळवावे.

छापील उत्तर आलं. प्रिय बंधू, तुमचं पत्र वाचून ताईंना फार आनंद झाला. त्या रोज तुमची आठवण काढतात. सोबत घरबसल्या अभ्यासक्रमाचा पाठ पहिला, विषय क्षमा. रिकाम्या जागा भरून परत पाठवा.

"बाबा, हे सगळ्यांना असंच पाठवतात," मुलगी म्हणाली.

"माहीत आहे मला." पण त्यांनी पहिल्या दोन ओळी पुन्हा वाचल्या आणि चष्मा पुसून रिकाम्या जागा भरायला बसले. तीन जागा काही भरता आल्या नाहीत. त्या तशाच ठेवून पाठवल्या. उलट टपाली पाठ दुसरा आला, वर उत्तीर्ण असा शिक्का.

रेडिओवर घड्याळजीचं मात्र काही खरं नव्हतं. त्याच्या बायकोने आवडीने छत्री घेतली तर म्हणाला, रंग भडक आहे. ती छत्री पुढे कधी उघडलीच गेली नाही. हे ऐकल्यावर काटेवाले उठले आणि कपाटावरून छत्री काढून उघडून बसले. छत्री लाल होती. मुलीला वाटलं छप्पर गळतंय.

शेवटचा आठवडा आला. सोमवारी ताई म्हणाली, "शनिवारी आपल्या घड्याळजीचा निकाल लावू या हं." मंगळवारी संध्याकाळी रेडिओ लावला तर नुसती खरखर.

बुधवारीही खरखर. गुरुवारी काटेवाले मिशनच्या कार्यालयात थेट संचालकांसमोर उभे राहिले. संचालक भला माणूस होता. भला माणूस नकार देताना आधी चहा मागवतो. चहा आला तेव्हाच काटेवाल्यांनी उत्तर ओळखलं.

"लघुलहरी बंद केल्या आपण," संचालक म्हणाले. "ट्रान्समीटर एकटा गावभराची वीज खातो. आता सगळं मोबाइलवर. अ‍ॅप येतंय. आणि खरं सांगू, रेडिओ ऐकतंय कोण आता?"

"मी ऐकतोय."

"तुम्ही श्रोते कसे, काटेवाले? तुम्ही घरचे."

"घरचा होतो तेव्हा ऐकलंच नाही, साहेब. श्रोता मी आत्ताच झालोय."

संचालकांनी सहानुभूतीने बिस्किटं पुढे केली.

"शनिवारची टेप तेवढी द्या. एकच."

"अहो, टेपा यंत्रांबरोबर गेल्या."

"कुठे?"

"भंगारात. सगळं एकत्र, वजनावर दिलं."

काटेवाल्यांनी कप बशीत ठेवला. "काटा कुणाचा होता?"

"म्हणजे?"

"वजन केलं त्याचा. तपासलेला होता का?"

संचालकांना हा प्रश्न दुःखाच्या भरातला वाटला. त्यांनी डोळे मिटून छोटीशी प्रार्थना केली. ती फार सुरेख होती. काटेवाले तिच्या मध्येच उठून बाहेर पडले.

इंजिनियर मागच्या खोलीत गाद्या उतरवत होता. त्या रुग्णालयाला द्यायच्या ठरल्या होत्या.

"तू होतास ना समोर, ती बोलत असताना?" काटेवाले म्हणाले. "काचेच्या पलीकडे. कान दोन आहेत तुला. सांग, सुधारला का मी?"

इंजिनियरने हातातली गादी खाली ठेवली आणि तिच्यावरच बसला. "काका, मी ऐकत नाही. ध्वनिमुद्रण चालू असलं की मी यंत्रावरची सुई बघतो. आवाज वाढला की सुई लाल पट्ट्यात जाते आणि टेप फाटल्यासारखी वाजते. ती तिकडे जाऊ नये एवढं माझं काम. शब्दांकडे लक्ष गेलं की सुई सुटते."

काटेवाल्यांना त्याच्यावर ओरडायचं होतं. त्यासाठी छाती भरून श्वासही घेतला होता. पण त्यांनी जन्मभर दुसरं काय केलं होतं? पारड्यात काय ठेवलंय हे कधी विचारलं नाही. काटा मध्यावर आला की झालं. घरातही तेच. भांडण नाही, आवाज नाही, काटा मध्यावर, म्हणजे सगळं ठीक.

घेतलेला श्वास त्यांनी तसाच सोडून दिला.

"त्या दिवशी गेली का सुई लाल पट्ट्यात?"

इंजिनियरने बराच वेळ आठवून पाहिलं. "एकदा गेली. शेवटी शेवटी."

"का?"

"हसल्या असतील. किंवा रडल्या असतील. सुईला सारखंच असतं ते. नाहीतर खोकल्या असतील, काका. खोकला तर होताच."

शनिवारी संध्याकाळी काटेवाल्यांनी वेळेवर रेडिओ लावला आणि पंधरा मिनिटं खरखर ऐकली. मुलगी शेजारी बसली. मध्ये एकदा खरखर जरा मोठी झाली, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. वेळ संपल्यावर त्यांनी रेडिओ बंद केला आणि मुलीकडे कागद मागितला. लिहिलेला अर्ज त्यांनी बेटाच्या पत्त्यावर पाठवला, जिथे आता ना केंद्र होतं ना टपाल घेणारा माणूस.

प्रति,
मा. केंद्रप्रमुख,
लघुलहरी केंद्र

विषय: पंधरा मिनिटे मिळण्याबाबत.

महोदय,

अर्जदार आपल्या कार्यक्रमातील घड्याळजी असून मूळ व्यवसायाने तराजू दुरुस्त करतो. आपल्या केंद्रावरून अर्जदाराबद्दल जे सांगण्यात आले ते सर्व खरे आहे व त्याबद्दल तक्रार नाही. मात्र अर्जदारास बोलण्याची संधी मिळालेली नाही. घरी होती, ती वापरली गेली नाही. तरी संध्याकाळची तीच वेळ व लहरींचा तोच मीटर अर्जदारास एकदाच मिळावा. बोलताना समोर सुई ठेवू नये, ही विनंती.

तसेच लहरी वर जाऊन आकाशास लागतात व खाली परत येतात, असे समजते. अर्जदाराच्या लहरी कृपया खाली आणू नयेत. वरच राहू द्याव्यात.

कळावे.

आपला विश्वासू,
एक श्रोता