गाठसोडे बुवांची सुरगाठ

सकाळी आठ वाजता मारुतीच्या पारापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. अर्नाळ्याच्या कोळणी मासळी वाळत टाकायची सोडून आल्या होत्या. सांडोरच्या रस्त्याला बैलगाड्यांची रांग लागली होती. घरात विचारल्याशिवाय विहिरीवर न जाणाऱ्या बायाही डोक्यावरून पदर घेऊन उभ्या होत्या, कारण पारावर गाठसोडे बुवा बसले होते. बुवा बायकांच्या छातीतल्या गाठी सोडवत.

देश स्वतंत्र होऊन चार वर्षं झाली होती, पण या एका बाबतीत बायकांना मोकळं करायचं काम अजून बुवांकडेच होतं. आणि त्यांची रीतही अशी की कुणी नाव ठेवू नये. औषध नाही, सुई नाही, चाकू नाही. अंगाला बोट लावत नाहीत, पदर ढळू देत नाहीत. लाल दोरा साडीवरूनच छातीभोवती घ्यायचा, समोर गाठ बांधायची, मंत्र म्हणायचा आणि टोक ओढायचं. दोऱ्याची गाठ दिसेनाशी झाली की आतलीही गेली. दक्षिणा एक नारळ आणि केळ्यांची एक फणी.

"पुढची गाठ!" बुवांचा शिष्य शत्रुघ्न ओरडला. बायकांना तो नावाने हाक मारतच नसे.

पुढची गाठ म्हणजे गावातलीच सुमन. पहिलटकरीण, कुशीत दीड महिन्याचं मूल.

"सासूला उलट बोललीस?" बुवांनी डोळे मिटूनच विचारलं.

"नाही, महाराज."

"मनात बोललीस?"

सुमन रडायला लागली.

"बघा मंडळी. जीभ आवरली, तो शब्द छातीत बसला. त्याचीच ही गाठ."

म्हणजे उलट बोललं तरी गाठ आणि गप्प बसलं तरी गाठ. शिवाय केरसुणी ओलांडली, अमावास्येला केस विंचरले, नवऱ्याआधी जेवली, अशी कारणांची लांबलचक यादी बुवांना पाठ होती. गावातल्या पुरुषांना हे निदान फार पटलं होतं.

"सुट सुट गाठी, जा आल्या वाटी," असं पुटपुटत बुवांनी टोक ओढलं. गाठ हवेत विरली. गर्दीतून 'अहाहा' निघालं. "आता एक्केचाळीस दिवस त्या जागेला हात लावायचा नाही, बघायचं नाही. शंका घेतलीस तर गाठ परत बसेल."

रांगेत सुमनच्या मागे उभी होती जयवंती. नवरा जगन्नाथ, घरचा पानमळा, वय एकोणचाळीस. गणपतीच्या दिवसांत न्हाताना तिच्या हाताला डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ लागली होती. तेव्हापासून दीड महिना तिचं जेवणात लक्ष नव्हतं. नवऱ्याला सांगायची लाज वाटली, आणि डॉक्टर म्हणजे पुरुष, त्याच्यापुढे पदर बाजूला करायचा या विचारानेच तिच्या अंगावर काटा येई. सांगितलं होतं फक्त कमळीला. कमळी मूळची जूचंद्रची, मळ्याच्या कडेला खोपटात राहायची आणि जयवंतीबरोबर वेल बांधायची. तिलाही गाठ होती. वीस दिवसांपूर्वी बुवांनी ती सोडवली होती, आणि कमळी आता सगळ्यांना सांगत सुटली होती.

"पुढची गाठ!"

जयवंती पुढे झाली. तिचा बुवांवर पूर्ण विश्वास होता, हे इथेच सांगून ठेवतो. ती भांडाफोड करायला आलेली नव्हती, ती जगायला आली होती.

बुवांनी दोरा फिरवला, समोर आणला. जयवंतीने मान खाली घातली तर गाठ थेट डोळ्यांपुढे. आता पानमळ्यात जन्म गेलेल्या बाईला गाठ दाखवणं म्हणजे सोनाराला दागिना दाखवण्यासारखं आहे. पानवेल दरवर्षी खाली उतरवून पुन्हा बांधावा लागतो. म्हणून केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालीची, पट्टी बांधताना टोक पुरतं ओढून घेत नाहीत, त्याची मुडप आतच ठेवतात. पुढे टोकाला हिसका दिला की बंध मोकळा. हिला म्हणतात सुरगाठ. अशा हजार गाठी जयवंती एका दिवसात घाली.

तिला वाटलं, बुवांचा हात चुकला. सकाळपासून इतक्या गाठी बांधून कुणाचाही चुकेल.

"महाराज, रागावू नका," ती हळूच म्हणाली, "ही सुरगाठ पडली. ही तर ओढली की कुणाच्याही हातानं सुटेल. थांबा, मी नीट घालून देते."

आणि बुवांनी 'नको' म्हणायच्या आत तिने बोटांच्या सवयीने टोक उपसलं, दोन फेरे दिले आणि करकचून निरगाठ मारली. मनापासून मारली. इतक्या लांबून आलेल्या महाराजांची विद्या आपल्या बाबतीत वाया जायला नको.

बुवांनी मंत्र म्हटला. टोक ओढलं. गाठ घट्ट झाली. पुन्हा मंत्र, पुन्हा ओढ. गाठ आणखी घट्ट. तिसऱ्या वेळी मंत्रातले शब्द पुढेमागे झाले, आणि दोरा काचून जयवंती कळवळली.

"घोर करणी आहे!" बुवा घाम पुसत म्हणाले. "या बाईचं पाप..."

"पापाचं ऱ्हाऊं द्या," मागून अर्नाळ्याची शकू कोळीण म्हणाली. जाळी विणण्यात तिची बोटं झिजली होती. "आदीची सुटली, कारन ती तुमी बांदलेली. ही तिनं बांदली. आता दातानं सोडा, म्हाराज."

कोणीतरी फिसकन हसलं. मग बऱ्याच जणी हसल्या. शकू पुढे आली. "ये बायो, जरा उजेडात ये. निरगाठ मंतरानं नाय सुटत. उजेड लागतो न नख लागतं." तिने गाठ उन्हात धरली, निरखली आणि नखाने एकेक पदर मोकळा केला.

लोक हसत घरी गेले. जयवंती मात्र हादरली होती. बुवांचं पितळ उघडं पडलं याचा तिला आनंद कसला? तिच्या मनात एकच होतं, सगळ्यांच्या सुटल्या, माझी सुटली नाही. त्या दुपारी तिने जगन्नाथला सगळं सांगितलं. तो आधी, "चार लोकांत काय हे," म्हणायला लागला होता. 'गाठ' हा शब्द ऐकताच बैल जुंपायला उठला.

सांडोरला लिडियाबाई नर्सचं छोटं सूतिकागृह होतं. लिडियाबाईंनी दार लावून घेतलं, हात धुतले आणि जयवंतीला तपासलं. बाईमाणसाचा हात होता. दीड महिना ज्याची भीती वाटली होती ते काम पाच मिनिटांत झालं.

"सुमनची कशी सुटली मग?" सकाळची सगळी हकीकत सांगून जयवंतीने विचारलं.

"तिचं दूध गोठलं होतं. मी तिला परवाच सांगितलं, गरम फडक्यानं शेक, बाळाला पाजत राहा. त्यानंच उतरत आली असणार, आणि नारळ मिळाला बुवाला." लिडियाबाई हसल्या, मग खुर्ची जवळ ओढून बसल्या. "हे बघ, छातीतली गाठ म्हणजे एकच रोग नव्हे. पाजणारीला दुधाची होते, कधी पू धरतो. तरण्या पोरींना गोटीसारखी, बोटाखाली सटकणारी होते, ती बहुधा साधी असते. काहींना पाळीच्या आधी येते, मग उतरते. मार लागून होते. तुझ्या वयात पाण्याची होते. आणि एक असते कॅन्सरची. बहुतेक गाठी साध्याच असतात, पण कुठली साधी हे नुसतं हात लावून मलाही ठाम सांगता येत नाही. म्हणून तपासायची."

"आणि सासूला उलट बोलल्यानं?"

"त्यानं होत असती तर वसई तालुक्यात एक बाई उरली नसती."

शेजारच्या खोलीतून डॉक्टर फर्डिनंड आले. लिडियाबाई हात धरून उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी बारीक सुई घातली, नळीत पिवळसर पाणी आलं आणि सुपारी बोटाखालून नाहीशी झाली. "महिन्याभरानं पुन्हा दाखवायला या," ते म्हणाले. जयवंती ढसाढसा रडली.

रडणं थांबल्यावर तिने विचारलं, "ही आपणहून गेली असती का?"

"कधी कधी जाते."

"म्हणजे बुवानं सुरगाठ ओढली असती, आणि मागून ही गेली असती तर..."

"तर तू गावोगाव त्याचं नाव केलं असतंस," लिडियाबाई म्हणाल्या. "साध्या गाठी आपोआप जातात, त्यांच्यावर त्याचं चालतं. ज्या जात नाहीत त्यांना हात लावायची त्यानं बंदी केलीय. एक्केचाळीस दिवसांनी तो कुठल्या गावात असेल, देव जाणे."

जयवंती ताडकन उठली. गाडी घराकडे न नेता तिने मळ्याकडे घ्यायला लावली.

कमळी वेल बांधत होती. जयवंतीला बघून म्हणाली, "सुटली का गो वैनी?"

"सुटली, पण डॉक्टरांकडे. तुझी बघितलीस?"

"नाय. बुवानं हात लावू नको सांगलंय ना. अजून एकईस दिस हायेत."

"कमळे, वेलाची गाठ बसली की नाही हे तू ओढून बघतेस ना?"

"बगते की."

"मग हीपण बघ. आत्ता."

कमळीचा हात पदराखाली गेला. तिथेच थांबला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "हाय," ती म्हणाली. "तितंच हाय, वैनी. दगडासारकी."

जयवंतीने तिच्या हातातली सोपाची पट्टी काढून घेतली आणि तिला तशीच गाडीत बसवलं.

कमळीची गाठ वाईट निघाली. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, अजून पसरलेली नाही, पण आणखी थांबला असतात तर सांगता आलं नसतं. पुढल्या वर्षी वेल उतरवायच्या हंगामात ती पुन्हा मळ्यात आली. उजवा हात फार वर जात नव्हता, म्हणून खालचे वेल ती बांधी आणि वरचे जयवंती. बुवांनी मात्र कमळीचे एक्केचाळीस दिवस भरायच्या आत, एकोणचाळिसाव्या दिवशीच गाव सोडलं होतं.

बायांनो, बुवांचे दोरे नेहमी सुरगाठीचेच असतात, कारण ते त्यांनीच बांधलेले असतात. देहाची गाठ कुठली आहे ते त्यांना ठाऊक नसतं, आणि तुम्हाला कळू नये म्हणून तर हात लावायची बंदी. तेव्हा हाताला काही लागलं तर लाजू नका, आणि चांगल्या दिवसाची वाट बघत बसू नका. जाणत्या हाताला दाखवा. शकू कोळणीने सांगितलं तेच खरं, जरा उजेडात या.