बोटांवरचा जांभळा

रंगाऱ्याने पाय घासायची वज्री पुन्हा सोड्याच्या पाण्यात बुडवली आणि लेकीचा पाय मांडीवर ओढून घेतला.

"बाबा, आग होतेय."

"टबात पाय घालताना नाही झाली?"

"नाही घातला मी."

"मग काय, स्वप्नात रंगलीस? खोटारडी कुठली!"

साथीमुळे कारखाना बंद होता. सुताच्या उरलेल्या लडी तो घरीच, न्हाणीघरातल्या टबात रंगवत होता. टबातला रंग जांभळा, भिंगरीच्या पायाची चार बोटंही जांभळी. त्याला आणखी पुरावा नको होता. सोड्याचं पाणी मात्र अजून स्वच्छच होतं. बोटांची कातडी तेवढी सोलवटली होती.

बायकोला बघवेना. तिने दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन लावला आणि कॅमेरा पायावर धरला.

"आधी ते घासणं थांबवा," नर्सबाई म्हणाल्या. "काचेचा ग्लास घ्या. बोटावर दाबून धरा."

काचेखाली जांभळा फिकट होत गेला. ग्लास उचलताच हळूहळू परत भरला. रंगारी बघतच राहिला. वीस वर्षांत दाबल्यावर पळणारा आणि सोडल्यावर परतणारा रंग त्याने पाहिला नव्हता.

"या साथीत मुलांच्या हातापायांवर असे डाग दिसताहेत. बहुतेकदा आपोआप जातात. पण तिला संसर्ग होऊन गेला असेल."

"अहो, साधी शिंकसुद्धा आली नाही तिला," बायको म्हणाली.

"मुलांचं कळतही नाही कधीकधी. घरात वयस्कर कोणी आहे?"

बायकोने मागच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. सासूबाईंना दोन महिने तिथेच जपून ठेवलं होतं. ताट उंबऱ्यावर, आणि भिंगरीला आत जायची सक्त मनाई.

"भिंगरे, आजीकडे गेली होतीस?" त्याने आवाज जमेल तेवढा मऊ केला.

तिने त्याच्या हातातल्या वज्रीकडे पाहिलं.

"मी टबात पाय घातला होता, बाबा. खरंच घातला होता."

वज्री तिथेच टाकून तो उठला. दार वाजवलं.

"आई, पोरगी आत येत होती का गं?"

मग आतून आवाज आला.

"तिला रागावू नकोस."

एवढं बोलायला आईला मध्ये दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला.