सात तास तापलेला कोळसा

आई गेल्यानंतर बाराव्या दिवशी पुण्यानुमोदनाचा विधी झाला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी मनाली कॉलेजात परतली. घरी वडील बंद टीव्हीसमोर बसून असत. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून ते निवृत्त झाले होते. ते एवढंच म्हणाले, "जा. काम अडलं असंल."

काम म्हणजे तिची पीएच.डी. द्राक्षाच्या छाटणीतल्या काड्या हवा न लागू देता भट्टीत तापवायच्या आणि तो कोळसा सोडियम बॅटरीत अ‍ॅनोड म्हणून वापरायचा. पण पहिल्या चार्जिंगला कोळशात शिरलेल्या सोडियमपैकी तिसरा हिस्सा आतच अडकून राही. तीन वर्षं ती त्याच्याशीच झुंजत होती.

शेवटची खेप प्रयोगशाळेतल्या सविताताईंनी डबीत भरून ठेवली होती. मनालीने त्या कोळशाचे बटणाएवढे सेल बनवून यंत्राला लावले. चौथ्या दिवशी आकडे आले. सत्त्याऐंशी टक्के सोडियम परत आलं होतं.

"सत्त्याऐंशी!" तिच्या गाइड प्रतिभा मॅडम खुर्चीतून उठल्याच. "काय बदललंस तू?"

मनालीने वहीतली तारीख पाहिली.

"त्या दिवशी भावाचा फोन आला होता, मॅडम. आई पडली म्हणून. तेराशे अंशांवर दोन तास ठेवून भट्टी बंद करायची होती. मी तशीच पळाले. सविताताईंना संध्याकाळी ती चालूच दिसली, तेव्हा त्यांनी बंद केली. सात तास झाले असतील."

मॅडम परत खाली बसल्या. "जास्त तापल्यामुळे वरची बारीक छिद्रं बुजली असणार, म्हणून सोडियम आत अडकलं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पुन्हा करून बघावं लागेल गं. तुला जमेल?"

"जमेल."

वहीत तिने लिहिलं : भट्टी सात तास सुरू राहिली. कारण : मी नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती भट्टीसमोर स्टूल घेऊन बसली. सविताताई म्हणाल्या, "मी थांबते, तू जेवून ये." ती उठली नाही. दोन वाजता तिने घड्याळ पाहिलं. त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले होते ते दोनलाच. आता रडू येईल, असं तिला वाटलं. आलं नाही. भट्टीचा आकडा तेराशेवर स्थिर होता.

या वेळी शहाऐंशी आले. मॅडमनी पेपर लिहायला घेतला, सगळ्यांना पेढे दिले. मनालीने पेढा खाल्ला. तो गोड आहे एवढं तिला कळलं.

घरी तिने सांगितलं, "बाबा, जमलं. आता जास्त काड्या लागतील. रविवारी दिंडोरीला जाते, तिकडे छाटणी चाललीय."

वडील टीव्हीसमोरून उठले. मग म्हणाले, "एकटीला पोतं उचलंल का? मी येतो."

रविवारी ते बाराव्या दिवसानंतर पहिल्यांदाच घराबाहेर पडले. बसमध्ये दोघं शेजारी बसले. बागेत वडिलांनी बाह्या वर केल्या आणि काड्या गोळा करायला वाकले. मनालीने पोत्याचं तोंड उघडं धरलं.