शिट्टीच्या गाण्याचं दुसरं कडवं

सिंकखाली डोकं घालून पडलेल्या माणसाला निदान बाहेरच्या गप्पा तरी ऐकू येऊ नयेत. पण मेहुणीच्या घरात स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये दारच नव्हतं, त्यामुळे प्लंबरला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

सिंक तुंबलंय म्हणून मेहुणीनं त्याला बोलावलं होतं. सिंक खरंच तुंबलं होतं, पण ते निमित्त आहे हे त्याला घरात पाऊल टाकताच कळलं. बाहेर साडू मोबाइल आणि स्पीकर मांडून बसला होता. शेजारी भाची आणि तिचा नवरा. शनिवारी प्लंबरच्या बायकोच्या आठवणीसाठी सगळे एका हॉलमध्ये जमणार होते. हॉल साडूनं ठरवला होता, खुर्च्या साडूनं सांगितल्या होत्या, आणि तिथे नव्वदच्या दशकातली गाणी वाजवायची हेही साडूनंच ठरवून टाकलं होतं. ती तेव्हा कॅसेटच्या कारखान्यात कामाला होती. त्या काळातलं कुठलंही गाणं लावा, तिला ते येत असे. तेव्हा तिच्या आठवणीला याहून चांगलं काय, असं साडूचं म्हणणं.

प्लंबरला गाणी नको होती. एकही नको होतं. त्यानं फोनवर तसं स्पष्ट सांगितलं होतं. साडू "बघू, बघू" म्हणाला होता, आणि साडूचं 'बघू' म्हणजे काय हे सगळ्या नातेवाइकांना पुरेपूर ठाऊक होतं.

"सुरुवात प्रेमगीतांनी," साडू बाहेर म्हणत होता. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल होतं, आणि समोरचा माणूस चुकीच्या गिअरमध्ये आहे असं धरूनच तो कुणाशीही बोलायचा. "नव्वदचं दशक म्हणजे मेलडी. पुढे मेलडी मेली."

"बाबा, ती मेलडी नव्हती, सर्दी होती," भाची म्हणाली. "सगळे नाकातून गायचे. त्या दहा वर्षांत जिवंत काय होतं, तर डान्सची गाणी. मावशीला पण तीच आवडायची."

"ते धबडधबड?"

"बीट म्हणतात त्याला."

"आपल्या जुन्या गाडीचा सायलेन्सर तुटला होता, तेव्हा मी फुकट ऐकलंय."

जावई इतका वेळ गप्प होता. तो रविवारी मित्रांबरोबर गिटार वाजवायचा, आणि घरातले ऐकून घेतात म्हणून सोमवार ते शनिवार त्याविषयी बोलायचा. "खरं सांगू का, पप्पा? दोन्ही एकाच पेटीतून निघालेलं. मेलडी कीबोर्डवरची, बीट पण कीबोर्डवरचा. तेव्हा खरं संगीत फक्त रॉकमध्ये होतं. त्यातसुद्धा सुरुवातीची वर्षं. नंतर त्याचं पॉप-रॉक झालं, मग सॉफ्ट रॉक, मग सगळं पिठूळ."

"ओरडायचे नुसते."

"वेदना होती त्यात."

"होती ना. ऐकणाऱ्याला."

भाची हसली. सिंकखाली प्लंबरनं पाना वाकड्या पाइपच्या नटावर बसवला आणि गरजेपेक्षा जास्त जोरानं पिळला. पाइप सुटला. बादलीत काळं पाणी पडलं, आणि त्याच्यामागून शेवाळलेल्या चरबीचा एक लांबलचक गोळा घरंगळत आला. त्याला कुजका वास होता. प्लंबरनं तो बोटांनी ओढून काढला आणि त्याला काहीही वाटलं नाही. आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं. सलूनच्या मोरीतले केस, खानावळीच्या गटारातलं तेल, दवाखान्याच्या बेसिनमधलं काय काय. त्यात कधी त्याचं तोंड वाकडं झालं नाही. आता मात्र ते झालं होतं, आणि ते बाहेरून येणाऱ्या आवाजामुळे.

साडूनं एक गाणं लावलं होतं. ते गाणं त्याला माहीत होतं, म्हणजे त्याची पहिली ओळ माहीत होती. गायक एखाद्या आजारी मुलाला औषध पाजावं तशा आवाजात लाडीगोडी लावत होता. ते अर्धवट तोडून भाचीनं तिचं लावलं, त्यात कुणीतरी डबे आपटत होतं. मग जावयानं त्याचं. आणि प्रत्येक वेळी तिघेही माना डोलावून, डोळे बारीक करून, मिठाईच्या दुकानात चव घ्यायला उभे राहिल्यासारखे. हे पॉप, हे टेक्नो, हे टेक्नो नाही हाउस, यात गाण्यापेक्षा वाद्यमेळ बरा, त्यात निदान शब्द तरी बरे. माणूस गेलं होतं. त्याची बायको गेली होती. आणि हे लोक कुठल्या गटाराला कसला वास, यावर हमरीतुमरीवर आले होते. आपणही गटारांचे प्रकार सांगू शकतो, त्याला वाटलं. पण आपण ते पाहुण्यांना वाजवून दाखवत नाही.

"एकही वाजणार नाही," तो सिंकखालून म्हणाला.

बाहेर स्पीकर बंद झाला. "काय म्हणालात, भाऊ?" साडूनं विचारलं.

प्लंबर सरपटत बाहेर आला आणि फरशीवरच बसला. हात कोपरापर्यंत काळे होते. "तिला ही गाणी आवडायची नाहीत. तुम्हाला आवडतात म्हणून येतात, तसं तिचं नव्हतं. तिला येत होती कारण तिला ती ऐकायचा पगार होता. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिचे कान लाल झालेले असायचे हेडफोननं. मला म्हणायची, कान काढून खुंटीला टांगता आले असते तर बरं झालं असतं. आमच्या घरी रेडिओ नव्हता. का नव्हता असं वाटतं तुम्हाला?"

"तुम्हाला आवडत नाही म्हणून," मेहुणी म्हणाली. ती ओट्याशी उभी होती आणि तिनं हे इतक्या सहज म्हटलं की त्यात टोमणा आहे की नाही हे कळेना.

"मला तर आवडत नाहीच. ज्यांच्या घरी कामाला जायचो तिथे हेच वाजत असायचं. सुरू झालं की मी आधी बंद करायला सांगायचो, मग पान्याला हात लावायचो."

"अहो पण काका," भाची म्हणाली, "मावशी म्हणायची की गाणी. आमच्याकडे आली की हमखास. गंमत म्हणजे ती उड्या मारायची. सुरुवात म्हणणार, मग एकदम मधलंच काहीतरी, आणि तिथून थेट शेवट. आम्ही लहानपणी पोट धरून हसायचो. मी तर कितीतरी दिवस गाणी तशीच म्हणत होते, शाळेत हसले सगळे."

"बघा," प्लंबर म्हणाला. त्याच्या आवाजात आता धार आली. "उड्या का मारायची माहितेय? कारखान्यात पूर्ण गाणं ऐकायचंच नाही. एवढा वेळ कुणाकडे होता? कॅसेट घालायची, सुरुवात ऐकायची, पुढे पळवायची, मधलं ऐकायचं, परत पळवायची, शेवट ऐकायचा. खरखर आहे का, आवाज ओढला जातोय का, एक बाजू मुकी आहे का. झालं, दुसरी कॅसेट. तिनं गाणी कधी ऐकलीच नाहीत. तिनं खरखर ऐकली. आणि तुम्ही तीच खरखर तिच्या फोटोसमोर वाजवणार."

साडूनं मोबाइल उपडा ठेवला. जावई स्पीकरच्या वायरशी चाळा करू लागला. प्लंबरला वाटलं, मिटलं एकदाचं. तो पुन्हा आत सरकणार, तेवढ्यात मेहुणी म्हणाली, "सगळ्यात नाही मारायची उड्या. एक गाणं ती अख्खं म्हणायची."

"कुठलं?"

"शिट्टीचं."

प्लंबरच्या कपाळाला आठ्या पडल्या. एवढा वेळ वाजलेल्या सगळ्या गाण्यांपेक्षा ते गाणं खालच्या पायरीचं होतं, यात त्या खोलीत कुणाचंच दुमत नसावं. एका वर्षी ते जिकडेतिकडे होतं. सलूनमध्ये, बसमध्ये, चप्पलच्या दुकानात. सुरुवातीला एक माणूस शिट्टी वाजवतो, तीही बेसूर, आणि मग वरच्या मजल्यावरचं घर सोडून गेलेल्या एका मुलीसाठी गळा काढतो. प्लंबरला ती शिट्टी ऐकली की दातांत वाळू आल्यासारखं व्हायचं.

"शक्य नाही," तो म्हणाला.

"का शक्य नाही?"

"ते गाणं म्हणजे घाण आहे."

"घाण आहे हे खरंय," जावई उत्साहानं म्हणाला. आपल्याला पुन्हा तोंड उघडायला मिळालं याचा त्याला आनंद झाला होता. "शिट्टीवालं ना? पप्पा, ते तर तुमच्या मेलडीत पण बसत नाही. धड प्रेमगीत नाही, धड पॉप नाही. आणि आळशीपणा बघा, त्यात एकच कडवं आहे. तेच दोनदा म्हणतो. यांना दुसरं कडवं लिहायचा पण कंटाळा."

"हो, एकच आहे," साडूनंही मान डोलावली. "तेच परत येतं. ती गेली, खिडकी बंद, दिवा बंद. परत तेच."

"आहे की दुसरं," प्लंबर म्हणाला. तो पुन्हा आडवा झाला होता आणि पाइपला कापडाचा बोळा लावून आतून पुसत होता. मूर्ख लोक चुकीचं बोलतात तेव्हा त्याला राहवत नसे, मग विषय कुठलाही असो. "दुसऱ्यात तो जिना चढून वर जातो. तिच्या दाराशी दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला असतात. आतून कुणीतरी विचारतं, कोण पाहिजे. तर हा म्हणतो, कुणी नाही, बुटाची नाडी बांधत होतो. आणि पायरीवर बसून खरंच नाडी बांधायला लागतो. मग परत शिट्टी. ती शिट्टी पहिल्यापेक्षा लांब आहे."

जावयानं साडूकडे पाहिलं.

"भाऊ," साडू हळूच म्हणाला, "तुम्ही तर सुरू झालं की बंद करायला सांगायचात."

प्लंबरचा हात पाइपमध्ये थांबला.

हे खरंच होतं. शिट्टी सुरू झाली की पुढे ऐकायची त्याची कधी तयारी नसे. गिऱ्हाइकाच्या घरी बंद करायला लावी, दुकानातून बाहेर पडे, आणि बसमध्ये तर एकदा तो चक्क आधीच्या थांब्यावर उतरला होता. कुठल्याही यंत्रातून ते दुसरं कडवं त्याच्या कानावर पडलेलं नव्हतं.

मग ते आलं कुठून, हे शोधायला त्याला लांब जावं लागलं नाही. त्याच्या घरी बाथरूमची भिंत स्वयंपाकघराला लागून होती आणि दोन्हीकडचं पाणी एकाच पाइपनं खाली जायचं. ती सकाळी आत गेली की तो टेबलाशी बसून चहा पीत दिवसभराचं सामान पिशवीत भरायचा, वॉशर, टेफ्लॉनची टेप, नवे नळ. आतून पाण्याचा आवाज यायचा आणि त्यात तिचा. त्यानं कधी त्याला गाणं म्हटलं नव्हतं. गीझर घोंघावतो, टाकी भरते, तसा तो घरातला एक आवाज होता. जिना, चपला, नाडी. आणि शिट्टी तिला वाजवता येत नव्हती, म्हणून ती नुसती हवा सोडायची, फू फू करून. कारखाना बंद पडला, कॅसेट गेल्या, ती औषधांच्या दुकानात लागली, तरी तो आवाज चालूच होता. शेवटच्या आजारात ती आधार घेऊन आत जायची तेव्हाही होता. बाहेर आली की गप्प.

म्हणजे कधीतरी एकदा तिनं ती कॅसेट पळवली नव्हती. कामाच्या वेळेत, डोक्यावर कुणीतरी उभं असताना, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तशीच चालू दिली होती. एवढ्या चांगल्या-वाईट कॅसेटमधून तिला हीच सापडली होती. याचा त्याला खरोखर राग आला. किळस आली. निदान जावयाचं एखादं ओरडणारं गाणं तरी निवडायचं. आणि ते माझ्यासमोर म्हणायचं नाही, दार लावून म्हणायचं, कारण बाहेर मी तोंड वाकडं करून बसलेलो असणार.

तो बाहेर आला. मेहुणीनं काही न बोलता साबण पुढे केला. "इथे नको, पाइप उघडा आहे," तो म्हणाला आणि तसाच काळ्या हातांनी बाहेरच्या खोलीच्या कडेला उभा राहिला. "लाव बघू."

भाचीनं लावलं. शिट्टी वाजली आणि त्याच्या मानेवर काटा आला. गायकाचा आवाज तो आठवत होता त्याहूनही वाईट होता, जणू सांडलेल्या पाकातून कुणी चप्पल ओढत चाललंय. पहिलं कडवं संपलं. जावई काहीतरी बोलणार होता, भाचीनं त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. मग जिना आला, चपला आल्या, नाडी आली. शेवटची शिट्टी खरंच लांब होती. ती हळूहळू बारीक होत गेली, संपता संपेना.

"भयंकर आहे," प्लंबर म्हणाला.

"मग?" साडूनं विचारलं.

"शनिवारी हे एकच. बाकी एकही नाही. तुमची मेलडी नको, हिची धडधड नको, त्याची वेदना तर मुळीच नको."

"मला चालेल," साडू म्हणाला. त्याला ते अजिबात चालणार नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

प्लंबर परत सिंकखाली गेला, पाइप बसवला, नट आवळला आणि मग वरच्या नळाखाली हात धुतले. पाणी झरझर खाली गेलं.

शनिवारी हॉलमध्ये माणसं बरीच आली. कारखान्यातल्या बायका आल्या होत्या, औषधांच्या दुकानाचा मालक होता, प्लंबरची काही जुनी गिऱ्हाइकं होती. बोलणाऱ्यांचं बोलून झालं आणि शिट्टी वाजली तेव्हा गिऱ्हाइकांपैकी एकानं दचकून प्लंबरकडे पाहिलं. मागच्या रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. कारखान्यातल्या बायकांपैकी एकीनं डोळ्याला पदर लावला, दुसरी म्हणाली, "ईऽ, हे?" प्लंबर दुसरीशी पूर्ण सहमत होता. तो पहिल्या रांगेत मांडीवर मुठी ठेवून, जबडा आवळून बसला होता, दात काढायला बसलेल्या माणसासारखा.

दुसरं कडवं संपलं. शेवटची शिट्टी सुरू झाली, लोक खुर्च्या सरकवायला लागले. शेजारी बसलेल्या साडूला ते अवघडलेपण सोसेना. त्यानं आवाज कमी करायला मोबाइलकडे हात नेला.

प्लंबरनं त्याचं मनगट धरलं. "अजून आहे," तो म्हणाला.

"आता काही नाही, भाऊ. नुसती शिट्टीच आहे."

"तीच."

त्यानं ती शेवटपर्यंत ऐकली. एका जागी त्याचे ओठ पुढे आले आणि त्यांतून नुसती हवा गेली.